आर्टिकलशिपच्या दोन वर्षांत पुढाकार कसा घ्यावा

सीए इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थी एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात आर्टिकल, म्हणजे प्रशिक्षणार्थी, म्हणून रुजू होतो. १ जुलै २०२३ पासून नोंदणी करणाऱ्यांसाठी या प्रशिक्षणाचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला, आणि या बदलाचा कामाच्या दृष्टीने नेमका अर्थ काय, हे बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षात फार उशिरा येते. ऑडिट कार्यालयाचे वर्ष हंगामांवर चालते: मार्चअखेरची मालमोजणी, एप्रिलमधील बँक शाखांचे ऑडिट, त्यानंतर वैयक्तिक विवरणपत्रे, सप्टेंबरअखेरची टॅक्स ऑडिट, डिसेंबरमधील जीएसटीची वार्षिक विवरणपत्रे. यातील प्रत्येक हंगाम तुमच्या वाट्याला फक्त दोनदा येतो. पहिल्या खेपेला काम कळते आणि दुसऱ्या खेपेला ते तुमच्यावर सोपवता येईल की नाही, हे कार्यालय ठरवते. तिसरी खेप आता नाही.

‘पुढाकार घ्या, मेहनत करा’ हा सल्ला आर्टिकलला घरचे देतात, शिक्षक देतात आणि आधीच्या तुकडीतले मित्रही देतात. पण समोर व्हाउचरचा गठ्ठा असताना पुढाकार म्हणजे नेमके काय करायचे, हे कुणी सांगत नाही. माझे मत स्पष्ट आहे. या व्यवसायात अहवालावर सही सरांची किंवा मॅडमची, म्हणजे ज्यांच्याकडे तुम्ही शिकता त्या चार्टर्ड अकाउंटंटची असते, आणि २०१९ पासून त्या सहीसोबत यूडीआयएन हा स्वतंत्र क्रमांकही घ्यावा लागतो, म्हणजे कोणत्या कागदावर कोणी सही केली हे कधीही तपासता येते. सही करणाऱ्याला तुमचे काम पुन्हा करून पाहावे लागले, तर तुम्ही रात्री दहापर्यंत बसलात याला फारसा अर्थ उरत नाही. तुमच्या हातून गेलेला कागद वाचून त्यांना निर्धास्तपणे पुढचा निर्णय घेता आला, तर तो खरा पुढाकार. पुढचे सगळे सांगणे याच कसोटीवर आहे.

कामाला जाण्यापूर्वी गेल्या वर्षीची फाइल वाचा

नव्या क्लायंटकडे ऑडिटला जायचे ठरले की बहुतेक आर्टिकल पत्ता विचारतात, लॅपटॉप उचलतात आणि निघतात. तुम्ही आदल्या दिवशी तासभर काढून त्या क्लायंटची मागील वर्षाची फाइल मागून घ्या. तिच्यात ऑडिट अहवाल, ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी), क्वेरींची, म्हणजे ऑडिटमध्ये विचारलेल्या शंकांची, यादी आणि त्या क्वेरींना मिळालेली उत्तरे असतात. यांपैकी सर्वांत उपयोगी कागद क्वेरींच्या यादीचा, कारण त्या हिशेबात चूक कुठे होते हे तिथे आधीच लिहिलेले असते. नंतर सीनियरकडे जाऊन एवढेच म्हणा, ‘गेल्या वर्षी गोदामाच्या भाड्यावर टीडीएस कापला नव्हता, असे क्वेरीत दिसते. यंदा ते खाते मी आधी पाहू का?’ या एका वाक्यावरून सीनियरला तुमच्याबद्दल जे कळते, ते पुढच्या चार दिवसांच्या धावपळीतूनही कळणार नाही.

मात्र जुन्या फाइलचा एक धोका आहे, आणि तो फार मोठा आहे. गेल्या वर्षीचा वर्किंग पेपर, म्हणजे तपासणीची नोंद ठेवलेला कागद, उघडायचा, तारखा आणि आकडे बदलायचे आणि निष्कर्ष तसाच ठेवायचा, ही सवय अनेक कार्यालयांत मुरलेली आहे. भाड्याचेच उदाहरण घ्या. ३१ मार्च २०२५ पर्यंत भाड्यावरील टीडीएससाठी वर्षाला २ लाख ४० हजार रुपयांची मर्यादा होती; १ एप्रिल २०२५ पासून ती महिन्याला ५० हजार रुपये झाली. जुना पेपर पाहून काम करणारा आर्टिकल वार्षिक बेरीज करत बसेल आणि दोन्ही बाजूंनी चुकेल. त्यामुळे फाइल वाचताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा: कायद्यात काय बदलले, क्लायंटच्या धंद्यात काय बदलले आणि गेल्या वर्षी कोणता प्रश्न अर्धवट राहिला. हा कागद सोबत असेल तर पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करावी, असे विचारण्याची वेळ येत नाही.

प्रश्न विचारावेत, पण तयारी करून

नव्या आर्टिकलच्या मनात दोन भीती असतात. विचारले तर अज्ञान दिसेल, आणि न विचारता केले तर चूक होईल. यातून काही जण दिवसभर गप्प राहतात, तर काही जण दर दहा मिनिटांनी सीनियरच्या टेबलाजवळ जाऊन उभे राहतात. दोन्हींवर उपाय एकच आहे: प्रश्न तयार करून विचारणे.

समजा, दुरुस्ती खर्चाच्या खात्यात ४ लाख ८० हजारांचे एक बिल आले. ‘सर, हे कसे दाखवायचे?’ असे विचारले, तर सरांना खाते उघडून, बिल शोधून, वाचून मग उत्तर द्यावे लागते. त्याऐवजी असे विचारावे: ‘सर, दुरुस्ती खर्चात ४ लाख ८० हजारांचे एक बिल आहे. त्यावर नवीन विद्युत पॅनेल बसवल्याचा उल्लेख आहे, जुने बदलल्याचा नाही. मला हा भांडवली खर्च वाटतो. गेल्या वर्षी असे एक लहान बिल महसुली दाखवले होते, म्हणून खात्री करून घेतो. बिलाची प्रत ही.’ उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते, आणि तुमचे मत चुकीचे असले तरी ते का चुकले हे कळते. मत न मांडता विचारलेल्या प्रश्नातून केवळ उत्तर मिळते, शिक्षण होत नाही.

किरकोळ प्रश्न वहीत साठवून दुपारी किंवा संध्याकाळी एकत्र विचारावेत. पण ज्या प्रश्नामुळे काम थांबले आहे, तो प्रश्न त्याच वेळी विचारा. ‘सर कामात होते’ म्हणून अख्खा दिवस वाया घालवणे हा विनय नव्हे.

जीएसटीचा मेळ: पुढाकाराची दर महिन्याची परीक्षा

बहुतेक कार्यालयांत आर्टिकलच्या वाट्याला सर्वांत आधी येणारे आणि सर्वांत जास्त काळ चिकटणारे काम म्हणजे जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर आपोआप तयार होणारे पत्रक) आणि क्लायंटची खरेदी नोंदवही यांचा मेळ घालणे. कंटाळवाणे म्हणून याची निंदा होते. मला विचाराल तर कोणता आर्टिकल किती पुढे जाईल, हे याच कामात सर्वांत लवकर दिसते.

वेळापत्रक पाहा. मासिक विवरणपत्र भरणारा पुरवठादार आपले जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरतो, १४ तारखेला तुमच्या क्लायंटचे २बी तयार होते आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, भरायचे असते. म्हणजे हातात सहाच दिवस असतात, आणि त्यात बहुतेकदा रविवारही येतो. सांगितले तेवढे करणारा आर्टिकल १७-१८ तारखेला क्लायंटला फोन करून खरेदीचा डेटा मागतो. मग अकाउंटंट गावाला गेलेला असतो, टॅलीची (हिशेबाच्या सॉफ्टवेअरची) फाइल उघडत नाही, आणि १९ च्या रात्री सगळे कार्यालय बसते. पुढाकार घेणारा आर्टिकल महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक क्लायंटच्या अकाउंटंटला खरेदी नोंदवही पाठवण्याची आठवण करतो, १० तारखेपर्यंत ती स्वतः एकदा चाळून घेतो आणि १४ ला २बी आले की त्याच संध्याकाळी मेळ सुरू करतो. १५ तारखेला क्लायंटच्या हातात ‘या पुरवठादारांनी तुमची बिले दाखवलेली नाहीत’ अशी यादी असते आणि पाठपुरावा करायला त्याच्याकडे चार दिवस असतात. आर्टिकल तोच, एक्सेलही तेच. फरक फक्त आठवडाभर आधी केलेल्या फोनचा.

मेळातही खोल जाता येते. न जुळणारी बिले लाल रंगाने रंगवून पत्रक पुढे सरकवणे म्हणजे अर्धे काम. प्रत्येक न जुळणाऱ्या ओळीसमोर कारण लिहा. बिल क्रमांक एका बाजूला ‘००१२’ आणि दुसऱ्या बाजूला ‘१२’ आहे का? बिल गेल्या महिन्याचे आहे आणि पुरवठादाराने या महिन्यात दाखवले का? पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरणारा आहे का? त्याने बिल चुकीच्या जीएसटी क्रमांकावर टाकले का, म्हणजे क्लायंटच्या नाशिकच्या क्रमांकाऐवजी त्याच्याच दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीवर? की बिल खरोखरच दाखवलेले नाही? पहिल्या दोन कारणांसाठी कुणाला फोन करायची गरजही नसते. हे वर्गीकरण केल्यावर शंभर ओळींच्या लाल यादीत खऱ्या अडचणीच्या सहा-सात ओळी उरतात आणि सरांना पाहायच्या असतात त्या तेवढ्याच. दोन-तीन महिने हे नीट केले, की कोणता पुरवठादार सतत उशीर करतो हेही तुम्हाला पाठ होते. ती माहिती क्लायंटच्या खरेदी विभागाला उपयोगी पडते, म्हणून ती सरांना सांगा. क्लायंटला सांगायची की नाही, हे ते ठरवतील.

खाते तपासताना कागदापलीकडे पाहावे

व्हाउचिंगमध्ये, म्हणजे नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहताना, बिल, मंजुरीची सही, रक्कम आणि खाते जुळले की टिक मारायची, एवढेच शिकवले जाते. टिक मारताना डोके बंद ठेवले तर महिना कसा गेला हे कळत नाही. रोख खर्चाचे खाते घ्या. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजार रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकरासाठी अमान्य होतो. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५ हजार आहे. आता एकाच मजूर कंत्राटदाराला लागोपाठ पाच दिवस ९ हजार ८०० रुपये दिल्याची व्हाउचर दिसली, तर प्रत्येक व्हाउचर नियमात बसते आणि तुमची टिकही बरोबर असते. तरीही ही माळ सीनियरच्या नजरेला आणायला हवी. काम एकच होते का, बिल एकच आहे का, सह्या एकाच दिवशी केल्यासारख्या दिसतात का, हे नोंदवा. ‘हे चूक आहे’ असे म्हणण्याचा अधिकार तुमचा नाही. ‘हे असे दिसते’ हे सांगणे मात्र तुमचे काम आहे.

पुरवठादारांना द्यायच्या देण्यांच्या यादीबाबतही असाच पुढाकार घेता येतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ठरलेल्या मुदतीत दिली नाहीत, म्हणजे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. हे तपासायचे तर कोणत्या पुरवठादाराकडे उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, ही यादी हवी. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या गर्दीत ती मागितली तर ती येत नाही. जानेवारीत, कार्यालयात त्या मानाने शांतता असताना, सरांची परवानगी घेऊन प्रत्येक क्लायंटकडून ही यादी मागवायला सुरुवात करा. मार्च संपण्यापूर्वी ती हाती असेल, तर कोणती देणी वर्षअखेरीआधी चुकती करावीत हे सर क्लायंटला वेळेवर सांगू शकतात. आर्टिकलच्या कामामुळे क्लायंटचा प्रत्यक्ष कर वाचण्याची संधी फार वेळा येत नाही; ही त्यांपैकी एक आहे.

मालमोजणीला गेल्यावर

३१ मार्चला किंवा त्याच्या आगेमागे आर्टिकलला कारखान्यात माल मोजायला पाठवतात. तिथे सोबत सीनियर असेलच असे नाही, त्यामुळे तुम्ही जे पाहाल तेच कार्यालयाला कळेल. पोहोचल्यावर मोजणी सुरू होण्याआधी शेवटच्या आवक पावतीचा आणि शेवटच्या डिलिव्हरी चलनाचा क्रमांक लिहून घ्या, कारण वर्षाची रेषा कुठे ओढायची हे नंतर त्या दोन क्रमांकांवरून ठरते. मग दोन्ही दिशांनी तपासा: नोंदवहीतील काही वस्तू निवडून त्या गोदामात शोधा आणि गोदामात दिसणाऱ्या काही वस्तू निवडून त्या नोंदवहीत शोधा. पहिल्या दिशेने नसलेला माल सापडतो, दुसऱ्या दिशेने न नोंदलेला माल सापडतो. एकाच दिशेने तपासणारे यातला अर्धा भाग कायम सोडून देतात.

मालकीचा प्रश्न मालमोजणीत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो आणि महाराष्ट्रात तो पदोपदी येतो. इचलकरंजीतील यंत्रमागधारक अनेकदा व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणतात; शेडमध्ये दिसणारी बिमे (सूत गुंडाळलेले रूळ) आणि कापड त्यांच्या मालकीचे नसते. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) रॅकवर ठेवलेले पॅटर्न, म्हणजे साचे बनवण्याचे नमुने, बहुधा ग्राहकांचे असतात. उलट, क्लायंटचा स्वतःचा माल गॅल्व्हनायझिंगला किंवा मशिनिंगला दुसऱ्याच्या कारखान्यात गेलेला असतो आणि तो समोर दिसत नाही. म्हणून मोजणाऱ्या कामगाराला नम्रपणे विचारा, ‘काका, यातला दुसऱ्या पार्टीचा माल कोणता?’ वर्षानुवर्षे तिथे काम करणाऱ्या माणसाला हे अचूक ठाऊक असते, आणि आदराने विचारले तर तो सांगतो. गंजलेला, धूळ बसलेला, कोपऱ्यात वर्षभर पडून असलेला माल दिसला तर तोही वेगळा नोंदवा. त्याचे मूल्य कमी करायचे का, हा प्रश्न मोजणीत नव्हे तर पुढे येणार असतो, पण त्याचा पुरावा आजच गोळा करायचा असतो. हे सगळे त्याच दिवशी, तिथेच बसून लिहा आणि क्लायंटच्या प्रतिनिधीची सही घ्या. कार्यालयात परतल्यावर आठवून लिहिलेल्या मोजणीवर कुणी विसंबू नये.

बँक शाखेचे ऑडिट

एप्रिलमध्ये शाखेच्या ऑडिटसाठी जेमतेम काही दिवस मिळतात आणि शाखेतील माणसे मार्चअखेरच्या कामाने थकलेली असतात. दर तासाला एक कागद मागणारा आर्टिकल तिथे कुणालाच नको असतो. पहिल्याच सकाळी लागणाऱ्या कागदांची एकच यादी तयार करून, सरांना दाखवून, शाखाधिकाऱ्यांना द्या. मोठ्या कर्जखात्यांसाठी एक पत्रक स्वतः आखून न्या: शेवटच्या स्टॉक स्टेटमेंटची (कर्जदाराने दिलेल्या मालसाठ्याच्या पत्रकाची) तारीख, आहरण मर्यादा (त्या साठ्याच्या आधारे किती रक्कम उचलता येते), विम्याची मुदत, खात्याचे नूतनीकरण, शेवटचे व्याज कधी वसूल झाले. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर काढलेली आहरण मर्यादा रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार अनियमित मानली जाते, आणि ही अनियमितता सलग ९० दिवस राहिली तर खाते अनुत्पादक (एनपीए) होऊ शकते. म्हणजे तारखेच्या त्या एका रकान्यावर मोठा निर्णय अवलंबून असतो. तुम्ही तारखा भरून शंका असलेली खाती बाजूला काढून ठेवली, तर संध्याकाळी सर शाखेत आल्यावर त्यांचा वेळ कागद शोधण्यात न जाता चर्चेत जातो.

वर्किंग पेपर हीच तुमची ओळख

लेखापरीक्षणाच्या मानकांत एसए २३० हे दस्तऐवजीकरणाविषयीचे मानक आहे, आणि त्याचा गाभा असा की, त्या कामाशी आधी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरलाही फाइल वाचून काय तपासले, काय आढळले आणि कोणता निष्कर्ष काढला हे समजायला हवे. अहवालाच्या तारखेपासून साधारण ६० दिवसांत फाइल पूर्ण करायची असते आणि ती किमान सात वर्षे जपायची असते. तुम्ही कार्यालय सोडून गेल्यानंतरही तुमचा कागद कुणीतरी उघडणार आहे, ही जाणीव ठेवून लिहा. प्रत्येक पेपरवर क्लायंटचे नाव, वर्ष, खाते, तुमचे नाव, तारीख, किती नोंदींपैकी किती तपासल्या आणि त्या कशा निवडल्या, हे असावे. ‘तपासले, बरोबर आहे’ हा शेरा कुणाच्याही उपयोगाचा नाही. ‘५० हजारांवरील सर्व आणि उरलेल्यांतून प्रत्येक महिन्याची दोन बिले पाहिली, दोन बिलांवर मंजुरीची सही नाही, यादी सोबत’ हा शेरा उपयोगी आहे. जे तपासले नाही, तेही लिहावे. न तपासलेल्या व्हाउचरवर टिक मारणे ही आळसाची गोष्ट राहत नाही. तो खोटा पुरावा होतो, आणि त्यावर सही करणाऱ्या माणसाची सनद पणाला लागते.

पुढाकाराच्या मर्यादा

उत्साही आर्टिकलकडून इथे नुकसान होते, म्हणून हे सविस्तर सांगतो. क्लायंटच्या पुस्तकात चूक दिसली तरी टॅलीत नोंद स्वतः दुरुस्त करू नका; अकाउंटंटने कितीही आग्रह केला तरी नाही. ज्या हिशेबाचे ऑडिट करायचे, तो आपणच लिहायचा नसतो. क्लायंटने फोनवर विचारलेल्या करविषयक प्रश्नाला, उत्तर येत असले तरी, ‘सरांना विचारून कळवतो’ हेच उत्तर द्या, आणि खरोखर विचारून त्याच दिवशी कळवा. क्लायंटांच्या डिजिटल सह्यांचे टोकन आणि पोर्टलचे पासवर्ड अनेक कार्यालयांत आर्टिकलच्या ताब्यात असतात. अंतिम मंजुरी लेखी मिळाल्याशिवाय कोणतेही विवरणपत्र दाखल करू नका. वेळ वाचवण्यासाठी ‘सर हो म्हणतीलच’ असे गृहीत धरू नका. आणि क्लायंटच्या कागदाचा फोटो मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ‘याची एंट्री काय?’ असे विचारणे पूर्णपणे बंद करा. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत क्लायंटची माहिती उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन मानले आहे. ती जबाबदारी तुम्ही ज्यांच्याकडे प्रशिक्षण घेता त्या चार्टर्ड अकाउंटंटवर येते.

काम वेळेत होणार नाही हे लक्षात आले, तर त्याच क्षणी सांगा. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी सांगितलेली अडचण कुणी सोडवू शकत नाही; चार दिवस आधी सांगितली तर दुसरा आर्टिकल मदतीला येतो, क्लायंटला निरोप जातो, मार्ग निघतो. चूक झाली असेल तर तिच्यासोबत तिचा परिणामही सांगा: कोणत्या महिन्याचे विवरणपत्र, किती रक्कम, दुरुस्ती कधीपर्यंत करता येईल. अशी माहिती घेऊन आलेल्या आर्टिकलवर सर रागावले तरी त्याच्यावरचा विश्वास कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

उशिरापर्यंत बसणे आणि अभ्यास

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा २० तारखेच्या आदल्या दिवशी थांबावे लागले तर तक्रार न करता थांबावे. वर्षभर मात्र रोज रात्रीपर्यंत बसणे हे कष्टाळूपणाचे प्रमाण मानू नका आणि कार्यालयानेही मानू नये. दिवसा मोबाइलवर गेलेला वेळ रात्री भरून काढणाऱ्यापेक्षा, सकाळी वेळेवर येऊन संध्याकाळी काम पूर्ण करून अभ्यासाला जाणारा आर्टिकल मला अधिक विश्वासार्ह वाटतो. आर्टिकलशिप संपल्यानंतर सहा महिन्यांनी अंतिम परीक्षेला बसता येते, आणि तो अभ्यास दोन वर्षांच्या आतच सुरू व्हायला हवा. दिवसा ज्या कलमावर काम केले ते कलम रात्री मूळ मजकुरातून वाचण्याची सवय लावा. अभ्यास आणि काम वेगळे राहत नाहीत.

कार्यालयात न जाता कागदोपत्री हजेरी लावण्याचा, ज्याला विद्यार्थी ‘डमी’ म्हणतात तो मार्ग परीक्षेसाठी सोयीचा म्हणून सुचवला जातो. तो नियमबाह्य आहे, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत बँक रिकन्सिलिएशनच्या (बँकेचा आणि वहीतला हिशेब जुळवण्याच्या) दुसऱ्या प्रश्नाला तो उघडा पडतो.

नव्या कायद्याची संधी

सध्याच्या तुकडीला एक संधी मिळाली आहे, जी पिढीत एखाद्या वेळीच मिळते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ यांच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच संकल्पना आली आहे. पण आर्थिक वर्ष २०२५-२६ चे काम जुन्या कायद्यानेच करायचे आहे, त्यामुळे काही काळ दोन्ही कायदे एकाच टेबलावर राहणार. रोख खर्चाच्या कलमाला तीस वर्षे ‘फोर्टी-ए-थ्री’ म्हणत आलेल्या सीनियरलाही नवा क्रमांक शोधावा लागतो. ज्या विषयावर तुमचे काम चालू आहे, तेवढ्याच कलमांचे जुने आणि नवे क्रमांक मूळ कायद्यातून स्वतः पडताळून एक तक्ता करा, शब्दरचना जिथे बदलली आहे तिथे खूण करा आणि तो सीनियरला तपासायला द्या. इंटरनेटवर तयार तक्ते मिळतात. ते उतरवून घेण्यात काही शिकायला मिळत नाही, आणि त्यांतली चूक तुमच्या नावावर येते.

शेवटच्या महिन्यात

प्रशिक्षण संपत आले की अनेकांचे लक्ष रजेकडे आणि परीक्षेकडे लागते, आणि त्यांच्या हातची कामे पुढच्या आर्टिकलवर अर्धवट येऊन पडतात. निदान तीन आठवडे आधी प्रत्येक क्लायंटसाठी एक पान लिहा: कोणती विवरणपत्रे कोणत्या महिन्यापर्यंत भरली, कोणती नोटीस आली आहे आणि उत्तराची मुदत कधी, अकाउंटंट कोण आणि त्यांना कोणत्या वेळी फोन केलेला चालतो, दर वर्षी कोणता कागद उशिरा येतो. डिजिटल सह्यांचे टोकन यादीवर सही घेऊन परत करा, पोर्टलवर तुमचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल नोंदवला असेल तर तो बदलून घ्या, आणि स्वतःच्या लॅपटॉपवरील क्लायंटच्या फाइल कार्यालयाच्या संगणकावर उतरवून मग सीनियरसमोर काढून टाका. नव्या आर्टिकलला सोबत घेऊन किमान एका महिन्याचा २बीचा मेळ त्याच्याकडून करून घ्या. तुम्ही शेजारी बसा, पण कीबोर्ड त्याच्या हातात असू द्या.